गिरणींतील मुकादमशाही

मुंबईच्या परळ-लालबाग भागांत सकाळचा भोंगा होण्यापूर्वीं गिरणीच्या फाटकाबाहेर माणसांची एक रांग उभी असे. रांग म्हणण्यापेक्षां घोळका म्हणणें अधिक बरोबर; कारण रांगेंत पहिला आलेला पहिला घेतला जातो, आणि येथें तसें होत नसे. हे सारे बदलीवाले. कायम कामगारानें खाडा केला तर त्याच्या जागीं दिवसभर उभें राहावयास मिळेल, एवढ्या आशेवर ते आलेले असत. थोड्या वेळानें एक मनुष्य फाटकांतून बाहेर येई, घोळक्यावरून नजर फिरवी, एकाला बोटानें खुणावी, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवी, तिसऱ्याकडे पाहून न पाहिल्यासारखें करी, आणि आंत निघून जाई. उरलेले दुसऱ्या गिरणीच्या फाटकाकडे धांवत, नाहीं तर खोलीवर परतत. आपल्याला कां घेतलें नाहीं हें त्यांना कोणी सांगत नसे आणि विचारण्याची रीतहि नव्हती. बोटानें खुणावणारा तो मनुष्य म्हणजे मुकादम. गिरणीच्या कागदोपत्रीं त्याला जॉबर म्हणत.

गिरणगांवाशीं ज्यांचा कधीं संबंध आला नाहीं अशा श्रोत्यांना ह्या एका माणसाच्या हातीं काय काय असे, याची कल्पना सहजीं यावयाची नाहीं. कामगार ठेवणारा तोच, काम शिकविणारा तोच. यंत्र बिघडलें तर दुरुस्त करणारा तो, रजा देणारा तो, आणि कित्येक गिरण्यांत कामावरून काढून टाकणाराहि तोच. वर मास्तर होते, मॅनेजर होते, त्यांच्यावर मालक होते. पण कामगाराच्या दृष्टीनें गिरणी म्हणजे मुकादम. मालकाचें दर्शन त्याला वर्षांतून एकदां पूजेच्या दिवशीं घडलें तर घडे.

ही व्यवस्था कोणी योजून निर्माण केली असें नाहीं. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत कापडाच्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ पासून ताडदेवच्या त्या गिरणींत सूत निघूं लागलें. पुढील तीस-चाळीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्यानें वाढली. यंत्रें लँकेशायरचीं आणि तीं चालविण्याची विद्या जाणणारे मास्तर, मॅनेजरहि आरंभीं बहुधा तिकडचेच. कामगार मात्र रत्नागिरीकडचा कोंकणी कुळवाडी, नाहीं तर साताऱ्याकडचा घाटी. ह्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मध्यें कोणी तरी दुभाषा हवा होता. आणि केवळ दुभाषा नव्हे, तर शें-दीडशें माणसें जमवून आणील, त्यांना कामाला लावील आणि शिस्तींत ठेवील असा मनुष्य हवा होता. कामांत तरबेज झालेल्या एखाद्या जुन्या कामगाराला हें पद मिळे. पुढें देशी मास्तर आले, भाषेची अडचण राहिली नाहीं. मुकादम मात्र राहिला. याचें कारण उघड आहे. माणसें मिळविण्याची, निवडण्याची आणि दटावण्याची सारी यातायात मालकाला त्याच्यामुळें जवळजवळ फुकट उरकून मिळत होती. बाजार तेजींत असला कीं माणसें भराभर हवींत, मंदी आली कीं भराभर काढावयाचीं. या कामीं मुकादमासारखें सोयीचें हत्यार दुसरें नव्हतें. मुकादमाच्या जुलमाबद्दल पुढें मालकवर्गानें पुष्कळदां हळहळ व्यक्त केली, परंतु ती ऐकतांना ही सोय विसरून चालणार नाहीं.

आतां जाच म्हणजे नेमकें काय? पहिली गोष्ट दस्तुरी. काम लागलें कीं मुकादमाला ठराविक रक्कम द्यावयाची, आणि सुटलेलें काम पुन्हां मिळालें तरी द्यावयाची. पुष्कळ ठिकाणीं दर महिन्याच्या पगारांतूनहि थोडें त्याच्याकडे जाई. कांहींना रोख रकमेवर दारूची बाटली किंवा दुसरी एखादी भेट चढवावी लागे. हें कोणा चळवळ्या पुढाऱ्यानें रंगवून सांगितलेलें नाहीं. सरकारनें १९२९ सालीं नेमलेल्या आणि जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालीं काम करणाऱ्या रॉयल कमिशननें १९३१ च्या आपल्या अहवालांत हें सर्व नमूद केलें आहे. त्या कमिशनांत नारायण मल्हार जोशी हेहि एक सभासद होते. कमिशनचा निष्कर्ष असा कीं, ज्यांत कामगाराच्या पोटापाण्याची शाश्वती थोडीबहुत तरी मुकादमाच्या हातीं नाहीं असे कारखाने थोडे, आणि ह्या सत्तेचा फायदा मुकादम सर्वसाधारणपणें घेतोच. त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती अधिक लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मुकादमाला स्वतःलाहि कधीं कधीं हेड जॉबराची भर करावी लागे, आणि देखरेखीवरच्या वरिष्ठांपैकीं कांहींपर्यंत त्या पैशांचा वांटा पोंचतो असें कमिशनच्या कानावर आलें होतें. म्हणजे खालून वर चढणारी ही एक शिडीच होती, आणि तिच्या अगदीं खालच्या पायरीवर तो बदलीवाला उभा होता.

दुसरा जाच पैशांचा नव्हे, कामाचा. विणकराला मजुरी कापडाच्या मापावर मिळे. त्याला चांगलें सूत मिळालें तर हात भराभर चाले. कच्चें सूत मिळालें तर धागा सारखा तुटे, आणि मग दिवसभर राबूनहि पदरीं कांहीं पडत नसे. कोणाला कसलें सूत द्यावयाचें, कोणाचें यंत्र आधीं दुरुस्त करावयाचें, कोणाचें दुपारपर्यंत बंद ठेवावयाचें, हें मुकादम ठरवी. त्याच्या मनांतून उतरलेल्या माणसाला शिवी देण्याची किंवा हात उगारण्याचीहि गरज नसे. सुताची एक पेटी बदलली कीं पुरें. त्यावर दंड होतेच. उशीर झाला दंड, काम बिघडलें दंड. कापडांत खोट निघाली तर तें कापडच विणकराच्या गळ्यांत बांधून त्याची किंमत पगारांतून कापून घेत. आणि पगार तरी वेळेवर कोठें होता? एका महिन्याची मजुरी दुसऱ्या महिन्याचा बराचसा भाग उलटल्यावर हातांत पडे. त्यामुळें चिडून काम सोडून जाणाऱ्याचे कितीतरी दिवसांचे पैसे गिरणींत अडकून राहत, आणि ते सोडवून घेण्यासाठीं पुन्हां त्याच फाटकाशीं खेटे घालावे लागत.

असें असतां कामगार तक्रार कां करीत नव्हते, हा प्रश्न पांढरपेशा वर्गांतील सज्जन त्या काळीं वारंवार विचारीत. प्रश्न साधा आहे, पण उत्तर तितकें साधें नाहीं. मुकादम हा नुसता गांजणारा नव्हता. तो बहुधा कामगाराच्याच गांवचा, कित्येकदां भावकींतला असे. कामगार मुंबईस उतरला तेव्हां पहिली रात्र त्यानें मुकादमाच्या ओळखीच्या खोलींत काढलेली असे. खानावळवालीकडे त्याची उधारी मुकादमाच्या शब्दावर चालू झालेली, पठाणाच्या कर्जाला जामीन मुकादम, वाण्याच्या दुकानीं ओळख करून देणारा मुकादम. गांवीं बाप आजारी पडल्याचें पत्र आलें तर रजा त्यानेंच द्यावयाची, वाटखर्चाला चार रुपये त्यानेंच काढून द्यावयाचे. अशा माणसाविरुद्ध तक्रार करणें म्हणजे नोकरी, खोली, पत आणि गांव हीं सारीं एकदम पणाला लावणें होय. आणि तक्रार करावयाची कोणाकडे? मास्तराकडे गेलें तर मास्तर मुकादमालाच बोलावून विचारणार. लेखी अर्ज करावा तर लिहितां येत नाहीं. दुसऱ्याकडून लिहवून घेतला तर वाचणारा तो मुकादमाच्या कानांवर घालणारच.

तथापि मुकादम सर्वसत्ताधीश होता असें चित्र काढलें तर तेंहि एकांगी होईल. त्याचें वजन त्याच्या मागें असलेल्या माणसांवर होतें. भोंगा होऊन गेल्यावर आपल्या यंत्रांवर माणसें उभीं नाहींत असें दोन दिवस झालें तर मास्तर त्यालाच जाब विचारी. म्हणून अतिलोभी मुकादमाला सोडून त्याची टोळीची टोळी शेजारच्या गिरणींत निघून जाई, आणि तेजीच्या दिवसांत तिला तेथें कामहि मिळे. कामगारांनीं जाचाला दिलेलें पहिलें उत्तर हेंच, निघून जाणें. मुंबईचा कामगार एका जागीं टिकत नाहीं, त्याला चिकाटी नाहीं, असा त्याच्यावर त्या काळीं नेहमीं आरोप होई. त्या अस्थिरतेंत शेतीची ओढ होती, आजार होते, आणि मुकादमाला चुकविण्याची ही धडपडहि होती.

बायकांची स्थिती याहून अवघड होती. मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या सुमारास पांच कामगारांत एक तरी बाई असे, आणि त्यांतल्या बहुतेक वाइंडिंग व रीळ ह्या खात्यांत. तेथें पुरुष मुकादमाऐवजीं बाईच देखरेखीला असे. तिला नाईकीण म्हणत. ह्या शब्दाला मराठींत दुसराहि एक अर्थ आहे, तो कोणाच्या लक्षांत येत नसेल असें नाहीं. बाईवर बाई नेमली म्हणजे जाच कमी होईल असें वाटणें स्वाभाविक आहे. पण अनुभव तसा आला नाहीं. दस्तुरीची रीत नाईकिणींतहि होती, आणि रॉयल कमिशनलाहि ती पद्धत समाधानकारक वाटली नाहीं. सत्ता तीच, तिच्यावरचा अंकुशाचा अभाव तोच. मग ती पागोट्याच्या हातीं असो कीं लुगड्याच्या. शिवाय नाईकिणीच्या वर पुरुष मास्तर आणि बाहेर पुरुष जॉबर होतेच. तरण्या विधवा, नवऱ्यानें टाकलेल्या बायका, गांवाकडून एकट्या आलेल्या बायका ह्या खात्यांत पुष्कळ असत. त्यांना पैशांखेरीज आणखी कोणत्या मागण्यांना तोंड द्यावें लागत असेल, याविषयीं त्या काळचे अहवाल आडून बोलतात. तसें होणें अपरिहार्यच होतें. कारण अशी तक्रार उघड झाली तर डाग मुकादमाला लागत नसे, बाईला लागे. कमिशननें शिफारस केली ती अशी कीं, जेथें पुष्कळ बायका कामाला असतील तेथें त्यांच्या देखरेखीवर एखादी सुशिक्षित स्त्री नेमावी.

हा सारा काळ कामगार मुकाट होते असें मात्र नव्हे. १८८० पासून मुंबईंत ‘दीनबंधु’ पत्र चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे अनुयायी. गिरणींत स्वतः नोकरी केलेले. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं परळास गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपांच हजार सह्यांचा अर्ज कारखान्यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनपुढें ठेविला. अर्जांत मागण्या पांच: रविवारची सुट्टी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा वेळ, मागील महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आंत, आणि कामावर अपघात झाल्यास भरपाई. १८९० च्या २४ एप्रिलला त्यांनीं भरविलेल्या सभेला सुमारें दहा हजार कामगार जमले होते, आणि त्या सभेंत दोन स्त्रियांनीं भाषणें केलीं. त्या वर्षीं १० जूनला मालकांच्या संघानें आठवड्याची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ च्या प्लेगांत वारले.

ह्या पांच मागण्या लक्ष देऊन पाहिल्या तर एक गोष्ट खटकते. त्यांत मुकादमाचें नांव नाहीं. वेळ, सुट्टी, पगार, अपघात यांबद्दल मालकापाशीं मागावयाचें तें मागितलें आहे. पण रोज सकाळीं फाटकांत उभा राहणारा मनुष्य त्या कागदावर नाहीं. लोखंड्यांना तो दिसत नव्हता असें म्हणणें वेडेपणाचें होईल. कदाचित् हजारों माणसांच्या सह्या गोळा करावयाच्या तर मुकादमांना वगळून त्या मिळणें कठीण होतें. कदाचित् असेंहि असेल कीं, घड्याळानें मोजतां येणाऱ्या अन्यायाला सरकारदरबारीं दाद मागतां येते. माणसाच्या मर्जींतून होणाऱ्या अन्यायाला कोणत्या कलमांत बसवावें हें त्या वेळीं कोणालाच उमगलेलें नव्हतें. १८८१, १८९१ आणि १९११ च्या कारखान्यांच्या कायद्यांतहि तासांचा आणि वयाचा विचार आहे, मर्जीचा नाहीं.

तो विचार जबरदस्तीनें पुढें आला १९२८ च्या संपानें. विणकरानें दोनांऐवजीं तीन माग संभाळावे, कातणाऱ्यानें दुप्पट काम पाहावें असा मालकांचा बेत होता, मजुरींत काट होती. एप्रिलांत सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत चालला आणि सुमारें दीड लाख माणसें त्यांत होतीं. याच संपांत गिरणी कामगार युनियनचा जन्म झाला. तिनें गिरणीगणिक कामगारांच्या कमिट्या उभ्या केल्या, आणि ह्या कमिट्यांचें महत्त्व पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षां अधिक आहे. खात्यांतला एखादा मनुष्य उगाच काढला, एखाद्याचें सूत बदललें, तर मुकादमाच्या तोंडावर बोलणारें कोणी तरी प्रथमच त्या खात्यांत उभें राहिलें. मुकादमांपैकीं कांहीं कमिट्यांना मिळाले, कांहींनीं संप मोडण्यासाठीं माणसें पुरविलीं. संपानंतर न्यायमूर्ति फॉसेट यांच्या कमिटीपुढें मजुरीच्या तक्त्यांबरोबर गिरण्यांच्या स्थायी नियमांचाहि, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर्सचाहि प्रश्न आला: कामगाराला कोणत्या कारणासाठीं आणि कोणत्या रीतीनें काढावें हें लिहून ठेवलेलें असावें कीं नसावें?

त्या संपांतच दुसरी एक गोष्ट डॉ. भीमराव आंबेडकरांनीं पुढें आणली, आणि ती पुढाऱ्यांना रुचणारी नव्हती. विणाई खात्यांत, ज्याला कामगार साचेखातें म्हणत, मजुरी सर्वांत चांगली. पण तेथें अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. धोट्यांत नवी कांडी घातली कीं सुताचें टोंक तोंडानें ओढून घ्यावें लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आपण कसा ओढावा, असें स्पृश्य विणकरांचें म्हणणें. ही बंदी मालकांनीं घातलेली नव्हती. मुकादमाच्या जाचाविरुद्ध खांद्याला खांदा लावून उभे राहणारे कामगारच ती पाळीत होते आणि पिण्याच्या पाण्याचीं भांडीं वेगळीं ठेवीत होते. ती काढून टाकण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घातली जावी म्हणून आंबेडकरांना आग्रह धरावा लागला. वरिष्ठाकडून होणारा छळ आणि बरोबरीच्याकडून होणारा छळ यांतला दुसरा अधिक झोंबतो, कीं पहिला, हें त्यांना कोणी शिकविण्याची जरूर नव्हती. १९१७ सालीं अमेरिका-इंग्लंडांत शिकून ते बडोदें संस्थानच्या नोकरींत आले, तेव्हां कचेरींतले शिपाई त्यांच्या मेजावर कागदपत्रें लांबूनच फेंकीत. आणि पुढें मुंबईच्या सिडेनहॅम कॉलेजांत प्राध्यापक झाल्यावर तेथील पाण्याच्या भांड्यावरून कुरबुर झाली. १९३८ च्या फेब्रुवारींत मनमाडला भरलेल्या रेल्वेंतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेंत त्यांनीं असें दाखवून दिलें कीं, अस्पृश्याला रेल्वेंत पोर्टरचीहि जागा मिळत नाहीं. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करवून घेतो, आणि तें काम अस्पृश्याकडून त्याला चालत नाहीं. एका जाचाच्या पोटांत दुसरा जाच कसा दडलेला असतो, याचें याहून चोख उदाहरण सांपडणें कठीण.

१९३१ च्या अहवालानंतर चक्रें हलूं लागलीं, पण सावकाश. कमिशनची मुख्य शिफारस अशी कीं, माणसें ठेवण्याचें आणि काढण्याचें काम मुकादमाकडून काढून घेऊन तें लेबर ऑफिसर नांवाच्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे द्यावें. १९३४ च्या मुंबई सरकारच्या कायद्यानें कामगारांचीं गाऱ्हाणीं मांडण्यासाठीं सरकारी लेबर ऑफिसर आला. मालकांच्या संघानेंहि आपला नेमला. १९३५ पासून बदली कामगारांना कार्डें देण्याची पद्धत सुरू झाली. महिन्याच्या आरंभीं कार्ड द्यावयाचें, आणि माणूस लागेल तेव्हां कार्डवाल्यांतूनच घ्यावयाचा. योजना कागदावर उत्तम होती. परंतु कार्ड कोणाला द्यावें हें ठरवितांना मास्तर मुकादमाकडेच पाही, आणि खात्यांत यंत्रापाशीं गेल्यावर कार्ड खिशांत आणि मुकादम समोर, अशी स्थिति कायमच राहिली. लेबर ऑफिसर मालकाचा पगार खाणारा म्हणून कामगारहि त्याच्यापुढें मन मोकळें करावयास लवकर धजेनात. ह्या अविश्वासाला दोष देतां येत नाहीं.

अधिक परिणाम झाला तो दोन कायद्यांचा, आणि दोन्ही दिसावयास अगदीं रुक्ष. पहिला १९३६ चा पगारासंबंधींचा कायदा. त्यानें एक हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांत सात दिवसांच्या आंत आणि त्याहून मोठ्यांत दहा दिवसांच्या आंत पगार देण्याचें बंधन घातलें. दंड किती करावा याला मर्यादा घातली: मजुरीच्या रुपयामागें अर्धा आणा. पंधरा वर्षांखालील मुलाला दंडच करतां येत नव्हता. दंड करण्यापूर्वीं कामगाराचें म्हणणें ऐकणें भाग पडलें, दंडाची वही ठेवावी लागली, आणि जमलेली रक्कम मालकाच्या पेटींत न जातां कामगारांच्याच हिताकडे लावावी लागली. दुसरा कायदा स्थायी नियमांचा. मुंबई प्रांतांत १९३८ च्या औद्योगिक कलहाच्या कायद्यानें, आणि सबंध देशांत १९४६ च्या कायद्यानें, शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना आपले नियम लिहून मंजूर करून घ्यावे लागले. गैरवर्तन म्हणजे काय, रजा कोणी द्यावी, आणि कामावरून काढण्यापूर्वीं आरोप लेखी देऊन कामगाराला उत्तर द्यावयास संधि कशी द्यावी, हें त्यांत आलें. फाटकावरच्या त्या बोटाला प्रथमच कारण लिहावें लागलें. कामगाराला वाचतां येत नसे हें खरें. पण युनियनच्या कचेरींत वाचणारा कोणी तरी बसलेला असे, आणि मुकादमाला हें ठाऊक असे.

१९५० च्या सुमारास बदली कामगारांची नोंदणी सरकारच्या देखरेखीखालीं आली. कामगार स्थिरावले, मुलें शिकलीं, मुकादमाची दस्तुरी हळूहळू उघडपणें बोलण्याची गोष्ट राहिली नाहीं. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्याच एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि हा प्रश्न त्यांच्याबरोबर त्या जागेवरून उठून गेला.

बायकांच्या ज्या गाऱ्हाण्याला १९३१ च्या अहवालांत स्पष्ट नांव मिळालें नव्हतें, त्याला तें मिळावयास १९९७ साल उजाडावें लागलें. राजस्थानांत बालविवाह थांबविण्याचें सरकारी काम करणाऱ्या एका ग्रामसेविकेवर १९९२ सालीं अत्याचार झाला. त्या प्रकरणांतून ‘विशाखा’ खटला उभा राहिला, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नोकरीच्या ठिकाणीं स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. त्यांवरून २०१३ चा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसें जेथें काम करतात तेथें चौकशी समिति असली पाहिजे. तिच्या अध्यक्षस्थानीं स्त्री, सभासदांत निदान निम्म्या स्त्रिया, आणि एक सभासद बाहेरचा. तो बाहेरचा सभासद कां, हें गिरणींतल्या कोणत्याहि बाईनें एका वाक्यांत सांगितलें असतें. दहांहून कमी माणसें असतील तेथें, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हां, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावयाचें.

मुकादम हा शब्द मात्र महाराष्ट्रांत जुना झालेला नाहीं. दर वर्षीं दिवाळीच्या मागेंपुढें बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठीं कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. कारखान्याची उचल मुकादमामार्फत येते, तिचा हिशेब त्याच्यापाशीं असतो, आणि आजारपणांत खाडा झाला तर तोहि तोच लिहितो. उसाच्या फडाशेजारीं पालांत राहणाऱ्या त्या बाईला तक्रार करावयाची झाली, तर त्या जिल्ह्याची स्थानिक समिति कलेक्टर कचेरीच्या गांवीं आहे, आणि तेथें जाण्याच्या दिवसाची रजा मुकादमाकडेच मागावी लागते.